रत्नाचा हात

धनाजी पिसाळला झटका आला तेव्हा तो साडेसात एचपीच्या एका मोटारीची कॉइल गुंडाळत होता. वेढे तोंडानं मोजायची त्याची तीस वर्षांची सवय. एकेचाळीस म्हणाला आणि पुढचा आकडा ओठांवर आलाच नाही. उजव्या हातातली तांब्याची तार सुटली, रीळ गडगडत दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं आणि धनाजी स्टुलावरून हळूच एका अंगाला कलला. दुकानामागंच घर होतं. आवाज ऐकून उज्ज्वला बाहेर आली, नवऱ्याचं वाकडं झालेलं तोंड तिनं बघितलं आणि आरडाओरडा न करता आधी रुग्णवाहिकेला फोन लावला. धनाजी वाचला तो त्या फोनमुळं.

मेंदूतली गुठळी त्याच दिवशी काढली. पाय आठ दिवसांत आला, जीभ तीन आठवड्यांत वळायला लागली. उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. जेवताना तो डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवावा लागे.

कराडच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला धनाजीचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतावर आता नव्या मोटारी येत त्या बंद डब्याच्या, बिघडल्या की आपणच कंपनीला कळवणाऱ्या. पण जुन्या मोटारी अजून हजारांनी शिल्लक होत्या आणि त्या जळत होत्या. जळालेलं वायंडिंग उपसून काढायचं, खाचांत कागद घालायचा, नव्या तारेच्या कॉइल एकेक करून बसवायच्या, हे सगळं हातानं करणारी माणसं तालुक्यात चार उरली होती. त्या चौघांत लोक धनाजीचं नाव पहिलं घेत. आता त्रेपन्नाव्या वर्षी त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

कराडला नुकतंच एक पुनर्वसन केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टर सानिया मुजावर वयानं तिशीच्या, बोलायला स्पष्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी धनाजीसमोर एक काळा चष्मा, तारांची टोपी आणि खांद्यापर्यंत येणारी जाड कापडी बाही ठेवली.

"हा एक गेम आहे," त्या म्हणाल्या.

"गेम? ह्या वयात?"

"तुमचा हात चांगला आहे, पिसाळकाका. बिघाड हातात नाही, वर आहे. मेंदूतला जो भाग हाताला हुकूम द्यायचा, तो जळाला. पण त्याच्या शेजारचा भाग धडधाकट आहे आणि त्याला ते काम शिकवता येतं. झटक्यानंतरचे पहिले शंभर दिवस मेंदू फार लवकर शिकतो. नंतर शिकतो, पण रडतखडत. तुमचे सव्वीस गेले."

मग त्यांनी यंत्र समजावून सांगितलं. हात उचलावा असं मनात आलं की टोपीला ते कळतं. टोपी बाहीला कळवते. बाही बारीक विजेचे झटके देऊन स्नायू हलवते. हात खरं तर बोटभरच हलतो, पण चष्म्यातून दिसतं ते असं, की हात सरळ वर गेला आणि त्यानं घागर उचलली. मनात आलेलं, अंगाला जाणवलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं, तिन्ही एका क्षणी जुळलं की मेंदूत नवा रस्ता पडायला लागतो.

"फक्त एक अट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चष्म्यात दिसणारं अंग आपलंच आहे असं मेंदूनं मानलं पाहिजे. मानलं की नाही ते आम्हाला आकड्यात दिसतं. शंभरपैकी साठच्या वर गेलं तर रस्ता पडतो. चाळीसच्या खाली सगळी मेहनत पाण्यात."

त्यांनी धनाजीसारखाच एक माणूस गेममध्ये तयार केला. तेच रुंद खांदे, त्याच मिशा, तोच निळा शर्ट. धनाजीनं अर्धा तास घाम गाळला. आकडा आला चौदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उंच माणूस दिला, मग म्हातारा दिला, मग विशीतला पोरगा. एकोणीस, बावीस, सव्वीस. तिसऱ्या दिवशी काही न सांगता त्यांनी एक अंग बदललं आणि धनाजीला चष्म्यात स्वतःच्या मनगटावर हिरव्या बांगड्या दिसल्या. त्यानं दचकून हात मागं घेतला, आणि हात मागं आला. पडद्यावर आकडा होता एकाहत्तर.

धनाजीनं डाव्या हातानं चष्मा ओढून काढला. "हे काय?"

"तुम्हाला ओळखीच्या मोटारीचा आवाज जरा बदललेला कळतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लांबून कळतो."

"आणि पहिल्यांदाच बघताय अशी मोटार असेल तर?"

धनाजीनं विचार केला. "मग जो आवाज येतो तोच तिचा धरायचा."

"तुमच्या मेंदूचं तेच चाललंय. तुमच्यासारखं अंग दाखवलं की तो त्रेपन्न वर्षांची ओळख काढतो आणि म्हणतो, हा माझा हात नव्हे, खोटा आहे. बाईचं अंग त्याला अनोळखी आहे. तिथं ताडून बघायला त्याच्याकडं काही नाही. नऊ रोग्यांत एकाला असं होतं. काही बायकांना आम्हाला पुरुषाचं अंग द्यावं लागतं. ठरावीक माणसांनाच का, हे अजून कुणाला नेमकं कळलेलं नाही."

"मग माकडाचं द्या. ते पण अनोळखीच आहे."

"देऊन बघितलं होतं दुसऱ्यांना. मेंदू शेपूट हलवायच्या नादी लागतो आणि हात राहतो बाजूला."

उज्ज्वला शेजारी बसली होती, तिला हसू आलं. धनाजीला आलं नाही. "बाईच्या अंगात मी जाणार नाही," तो म्हणाला. "माझंच द्या. मी जोर लावतो."

रिक्षात उज्ज्वला एवढंच म्हणाली, "एकाहत्तर होता आकडा."

"मी पण बघितला."

पुढचे बारा दिवस धनाजी आपल्याच अंगात घाम गाळत राहिला. पंधरा, तेरा, सोळा, चौदा. डॉक्टरांनी वाद घातला नाही. रोज निघताना त्या फक्त किती दिवस उरले ते सांगत.

तेराव्या दिवशी केंद्राला सुट्टी होती. धनाजी सकाळी दुकानाकडं आला तर शटर वर होतं आणि उज्ज्वला त्याच्या स्टुलावर बसली होती. पायांत एका मोटारीचं स्टेटर, म्हणजे खाचांचं लोखंडी कडं धरून ती खाचांत कॉइल बसवत होती.

"कुणाची आहे?"

"खोडशीच्या बाबरांची. पाच एचपी."

"कुणी घ्यायला सांगितली?"

"मीच घेतली. ते म्हणाले, मालक बरे झाल्यावर बघू. म्हटलं ठेवून जा."

धनाजी वाकून बघायला लागला. चूक सापडावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पण कागद खाचेच्या मापात कापलेला होता, कॉइल दबल्या नव्हत्या, जोड नीट बांधलेले होते.

"हे कुठं शिकलीस?"

"कुठं म्हणजे? बावीस वर्षं जळकं वायंडिंग मी उपसते, कागद मी कापते, वार्निश मी देते. मधलं तेवढं तुम्ही करता. ते करताना मी काय डोळे मिटून बसले होते?" मग तिनं तारेचं टोक पुढं केलं. "जरा ओढून धरा, एकटीला ताण धरता येत नाही."

धनाजीनं उजवा हात पुढं करायचं मनात आणलं. हात जागचा हलला नाही. डावा पुढं करेपर्यंत तार सैल पडली होती आणि बसवलेली कॉइल खाचेतून उसळून वर आली होती. उज्ज्वलानं ती पुन्हा बसवायला घेतली. धनाजी मागं वळून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात टोपी घालता घालता तो म्हणाला, "लावा ते बाईचं."

डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय ठेवू? तिथं बाकीची माणसं असतात, त्यांना हाक मारायला लागतं."

समोरच्या भिंतीवर भांड्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावरचं नाव धनाजीनं वाचून दाखवलं. "रत्ना."

गेममधलं गाव पुरानं वाहून गेलेलं होतं आणि ते रोज थोडं थोडं उभं करायचं होतं. राज्यातल्या तीसेक केंद्रांतले रोगी त्याच गावात येत. कोण कुठला, खरं नाव काय, हे एकमेकांना सांगायचं नाही असा नियम होता आणि आवाजसुद्धा अंगाप्रमाणं बदलून येई. रत्ना पंचेचाळिशीची, सावळी, काटक बाई होती. तिच्या लुगड्याचा पदर मुद्दाम सैल ठेवलेला होता. दर दोन मिनिटांनी तो डाव्या खांद्यावरून घसरे आणि उजवा हात उचलून तो सावरावा लागे. खांदा, कोपर, मनगट, बोटं असं सगळं त्या एका हालचालीत येत होतं.

पहिल्या दिवशी धनाजीनं पदर एकशेदहा वेळा सावरला. एकशे अकराव्या वेळी त्याला बोटांत कापडाचा खरखरीतपणा जाणवला. बाहीतून आलेला असेल, पण दीड महिन्यात त्या बोटांना पहिल्यांदा काही लागलं होतं. "आई गं," असं तो म्हणाला आणि ते बाईच्या आवाजात ऐकू आल्यावर एकदम गप्प झाला.

गावातली माणसं रत्नाला बाई म्हणूनच वागवत, त्यांच्या दृष्टीनं ती बाईच होती. सकाळी कामं वाटली जात तेव्हा तिच्याकडं पाणी भरायचं, नाहीतर निवडाटिपायचं काम येई. कामं वाटायचा तो दाजी नावाचा एक धिप्पाड माणूस. कुणी त्याला नेमलं नव्हतं, पण त्याचा आवाज मोठा होता आणि तो बोलला की बाकीचे ऐकत.

तिसऱ्या आठवड्यात गावाच्या विहिरीवर पंप बसवायचा होता. मोटार जोडली, बटण दाबलं, मोटार फिरली, पण पाणी आलं ते करंगळीएवढं. आठ-दहा जण भोवती जमले. कुणी म्हणालं फूटवाल्व्ह गळतोय, कुणी म्हणालं पाइप फुटलाय. रत्ना घागर खाली ठेवून पुढं आली.

"मोटार उलटी फिरतेय. तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा."

"तू आधी घागर भर गं," एक जण म्हणाला. "आम्ही बघतोय ना इथलं."

"अहो, आवाजावरून कळतंय. दोन तारा—"

"पाइप उपसा रे," दाजी म्हणाला. चौघांनी पाइप उपसायला घेतला. दहा मिनिटं गेली, पाइप धड निघाला. मग दाजी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "असं करा. मोटार उलटी फिरत असेल. दोन तारा बदलून बघा."

तारा बदलल्या. पाणी मनगटाएवढ्या जाड धारेनं आलं. सगळ्यांनी दाजीला शाबासकी दिली. रत्ना बाजूला घागर धरून उभी होती.

त्या दिवशी धनाजी घरी आला तो धुमसतच. जेवताना त्यानं उज्ज्वलाला सगळं सांगितलं. "तीस वर्षं मी मोटारींचं वायंडिंग भरतोय. मला म्हणतो, घागर भर! आणि तेच त्या दाजीनं सांगितल्यावर सगळ्यांना पटलं!"

उज्ज्वला ताटात भाकरी मोडत होती. "दोन वर्षांमागं पाटणच्या डेअरीची मोटार आली होती, आठवते? दहाची. मी म्हटलं होतं, ही तार बारीक वाटतेय. तुम्ही म्हणालात, तू चहा टाक."

धनाजीला आठवत होती. ती मोटार आठ दिवसांत जळून परत आली होती. गिऱ्हाइकाला त्यानं व्होल्टेजचा दोष सांगितला होता.

"तू परत का नाही सांगितलंस?"

"चहा टाकला होता ना मी," उज्ज्वला म्हणाली.

हात येत गेला. पन्नासाव्या दिवशी बोटं मिटली, साठाव्या दिवशी पेला उचलला, सत्तराव्या दिवशी शर्टाचं बटण लागलं. डॉक्टर मुजावर आकडे बघून खूश होत्या. धनाजीही खूश होता, आणि त्याच खुशीत तो एका सकाळी सर्जेरावाच्या टपरीवर गेला.

सर्जेराव बरोबरीचा, शाळेपासूनचा. त्यानं चहाचा कप पुढं केला. धनाजीनं तो उजव्या हातानं घेतला, घोट घेतला, खाली ठेवला, आणि बोलता बोलता तोच हात डाव्या खांद्यावर जाऊन काहीतरी सावरून खाली आला. दोन मिनिटांनी परत.

"आरं लेका, खांद्यावर काय हाय तुझ्या?" सर्जेराव म्हणाला.

धनाजीला तोपर्यंत कळलंच नव्हतं. हात आपोआप जात होता. आता विषय निघालाच होता आणि माणूस जिवाभावाचा होता, म्हणून त्यानं यंत्र, गाव आणि रत्ना, सगळं सांगून टाकलं. सर्जेरावानं मान डोलावून ऐकून घेतलं. तीन दिवसांत अख्ख्या रस्त्याला कळलं. धनाजी दिसला की कुणीतरी म्हणे, "या रत्नाबाई," आणि बाकीचे कपात तोंड खुपसत.

चौथ्या दिवशी तो डॉक्टरांपुढं जाऊन बसला. "हात आलाय. आता मला माझं अंग द्या."

त्यांनी दिलं. निळा शर्ट, मिशा, रुंद खांदे. पडद्यावर आकडा आला बावीस, आणि धनाजीच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातातला खराखुरा पेला गळून फरशीवर पडला.

"रस्ता रत्नाच्या अंगातून पडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "एकदम तिला काढून घेतलं की मेंदू गोंधळतो. हळूहळू बदलता येतं. तीन आठवडे रोज थोडं थोडं रत्नाचं अंग तुमच्यासारखं करत न्यायचं. पण आत्तापर्यंत शंभर जणांचं केलं त्यात साठ जणांचा हात नीट पहिल्या वळणावर आला, चाळीस जणांची पकड कमी झाली. त्यातल्या सहा जणांची पुरती गेली. नाही बदललं तर आहे तो हात असाच राहील. बारीक कामं करेल. पदर सावरायची सवय कमी होईल किंवा होणारही नाही."

"म्हणजे साठ-चाळीस."

"दोन दिवस घ्या. घाई नाही."

बाहेरच्या बाकावर तो उज्ज्वलाची वाट बघत बसला होता. ती औषधं आणायला गेली होती. शेजारी काठी घेतलेल्या एक वयस्क बाई येऊन बसल्या. पांढरे केस, चष्मा, इस्त्रीची सुती साडी. धनाजीचा हात सवयीनं खांद्यावर गेला आणि खाली आला. बाईंनी मान वळवून त्याच्याकडं निरखून बघितलं.

"रत्ना?" त्या म्हणाल्या.

धनाजी दचकून बाकावर मागं सरकला. "तुम्ही कोण?"

"मी दाजी." आणि त्या खळखळून हसल्या. "शैलजा शेटे. फलटणला मुख्याध्यापिका होते, अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझा पाय गेला होता. मलाही नऊत एक म्हणाले."

धनाजीच्या मनातलं बाहेर पडलं. "पंपाचं तुम्हाला माहीत होतं?"

"छे हो. मला मोटारीतलं काय कळतंय? तुम्ही म्हणालात ते ऐकलं होतं. पाइप चांगला निघाला तेव्हा तुमचंच बोलणं माझं म्हणून सांगितलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "चाळीस वर्षं माझ्या बाबतीत तेच व्हायचं. शिक्षकांच्या बैठकीत मी काही सुचवलं की कुणी बघायचं नाही. तेच शेजारच्या सरांनी म्हटलं की ठराव. किती चीड यायची! आणि तिथं धिप्पाड अंग मिळाल्याबरोबर मी स्वतः तेच केलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. तुम्हाला सांगायचं होतं, पण नियम आडवा येत होता."

"तुम्ही परत बदलून घेणार?"

"घ्यावंच लागणार. दाजी लांब ढांगा टाकतो, माझ्या खुब्याच्या हाडाला ते झेपत नाही, रात्रंदिवस ठणकतं. सोमवारपासून मला परत म्हातारी करायला घेणार आहेत." त्या उठल्या. "आवाज मात्र मी तिथलाच ठेवणार आहे, दाजीसारखा मोठा. सुनेला कळवलंय तसं. तुमचं काय?"

"ठरलं नाही," धनाजी म्हणाला.

संध्याकाळी त्यानं उज्ज्वलासमोर साठ-चाळीसचा विषय काढला. ती दुकानात एका स्टेटरला वार्निश देत होती. हात न थांबवता तिनं ऐकलं.

"तुम्हाला काय पाहिजे?"

"मला माझा हात पाहिजे."

"मग आता आहे तो कुणाचा आहे?"

तिनं ब्रश डब्यात उभा केला.

"मी एक विचारू? तुमचा हात पहिल्यासारखा झाला की मी ह्या स्टुलावरून उठायचं, असंच ना?"

ह्या दीड महिन्यात उज्ज्वलानं एकोणीस मोटारी भरल्या होत्या. त्यातली एकही परत आली नव्हती. बाबरांनी आपल्या मेहुण्याची मोटार तिच्याकडं पाठवली होती. धनाजीला हे सगळं दिसत होतं, तरी त्याच्या डोक्यात चित्र एकच होतं: हात येईल, आपण स्टुलावर बसू, उज्ज्वला आत जाईल. हे त्यानं कधी तिला विचारलं नव्हतं, आणि स्वतःलाही.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मी तसंच धरून चाललो होतो."

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून यावं म्हणून थांबले होते." तिनं ब्रश परत उचलला. "मला बसायला आवडतंय इथं. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मी सांगितलं."

धनाजी जाऊन दारात उभा राहिला. विहिरीजवळ घागर धरून उभी असलेली रत्ना त्याला आठवली. ती तिथून गेली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि ती त्यानं आतून बघितली होती, त्यामुळं नाही बघितली असं म्हणता येत नव्हतं.

सकाळी तो बाजारात जाऊन एक स्टूल घेऊन आला. लोखंडी, उंचीला पहिल्याएवढंच. ते उज्ज्वलाच्या स्टुलासमोर ठेवलं आणि मधे एक मोटार ठेवली. मग केंद्रात फोन करून डॉक्टरांना सांगितलं, "नको बदलायला. आहे तो चालेल."

"नक्की? लोक बोलतात म्हणाला होतात."

"बोलतायत. पण पेला पडला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, डॉक्टर. तसला खड्डा लोकांच्या हसण्यानं पडत नाही. आणि हात ज्या बाईनं आणला तिचं वळण त्याला राहिलं तर माझं काय बिघडतं?"

शंभरावा दिवस झाला. केंद्रानं यंत्र काढून घेतलं आणि एका कागदावर विचारलं की रत्नाचं काय करायचं: पुसून टाकायची, की दुसऱ्या रोग्यासाठी ठेवायची. धनाजीनं 'ठेवायची' वर खूण केली आणि खाली उजव्या हातानं सही केली. अक्षर आधीपेक्षा बारीक आणि गोल आलं होतं. बँकेनं तशी सही असलेला चेक एकदा परत पाठवला, मग नवीन नमुना घेतला.

दिवाळीनंतर एका दुपारी डॉक्टर मुजावरांचा फोन आला. बार्शीच्या केंद्रात एक हवालदार आले होते. उजवा हात गेलेला, आकडे धनाजीसारखेच. बाईचं अंग घ्यायला तयार नव्हते. शंभरातले अठ्ठेचाळीस दिवस संपले होते. "तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?"

धनाजी बोलतो म्हणाला. थोड्या वेळानं हवालदारांचा फोन लागला. आवाज घोगरा, शब्द अजून जड.

"तुमचा हात आला म्हणे."

"आला."

"पुरता?"

"तारेचं टोक सुईएवढं असतं, ते जोडतो. आत्ता तेच करत होतो."

"हां. मी पोलिसात हाय हो. सत्तावीस वर्षं नोकरी झाली. ते बांगड्या बिंगड्या... चौकीत कळलं तर?"

"कळणारच."

"मग? हसतात का लोक?"

"हसतात की," धनाजी म्हणाला. समोर उज्ज्वला एका गिऱ्हाइकाला मोटार का जळली ते समजावत होती आणि गिऱ्हाईक मान खाली घालून ऐकत होतं. "दोन आठवडे पोटभर हसतात, हवालदार. मग त्यांची मोटार जळते."

पलीकडं हवालदार अर्ध्या तोंडानं, वेडंवाकडं, पण मोठ्यानं हसले.

"उद्या किती वाजता बोलावलंय तुम्हाला?" धनाजीनं विचारलं.

"दहाला."

"मग दहाला जा."